वारके मॅडमचं ‘नाही’

वारके मॅडमचं लग्न मांडवात मोडलं, असं आमच्या गल्लीत सगळे सांगतात. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं संपत आलेली, लोकांच्या मुठीत अक्षता घामेजलेल्या. आणि मॅडमनी म्हणे अंतरपाटाची कड उचलून खालून बघितलं. “पाहू तरी, तोच आहे का!” नवरदेव उठला, वऱ्हाड उठलं, जिलेबी रावेरच्या कुत्र्यांनी खाल्ली. शेजारच्या मंदाबाई ही गोष्ट सांगतात तेव्हा ‘खालून बघितलं’ म्हणताना स्वतः मान वाकडी करून पलंगाखाली बघतात. जसा काही नवरदेव तिथेच दडून बसलाय.

गोष्ट फर्मास आहे, फक्त खरी नाही. मॅडम मांडवापर्यंत पोचल्याच नाहीत. प्रकार घडला पोह्यांच्या बशीवर. पाहुणे आले होते, मुलाचे मामा बोलत होते. मामांचा आवाज मॅडमनीच आम्हाला करून दाखवला, आणि मी खोटं कशाला सांगू, बरा केला. मामा म्हणाले, “मुलगा इंजिनिअर.” एवढंच. वाक्याला शेपूटच नाही.

मॅडमनी विचारलं, “इंजिनिअर आहे, होता की होणार आहे?”

मामांच्या घशात शेंगदाणा अडकला. कारण मुलगा ‘होता’ होता. कॉलेजात गेला होता, परीक्षेला दोनदा बसला होता आणि आता घरचा ट्रॅक्टर चालवत होता. मॅडम अजूनही हे सांगताना लाल होतात. “अरे, ट्रॅक्टर चालवणं वाईट आहे का? तसं म्हटलं असतं तर मी विचार केला असता. मुलगा चांगला होता. पण डब्यावर लिहायचं साखर, आत भरायचं मीठ, आणि चहा माझ्या हातून नासला की मला नावं ठेवायची!”

आणि तस्संच झालं. खोटं बोलले मामा. मांडवाची गोष्ट चिकटली मॅडमना. मला या गोष्टीचा राग येतो तो यासाठी. विचारणाऱ्याची बदनामी करायला आमच्या गावाला अंतरपाटसुद्धा पुरतो.

कुंदा जीवराम वारके. रावेरकडच्या केळीवाल्यांची लेक, गणितातली पदवीधर, वय तिशीच्या आसपास. जळगावात भाईदासशेठच्या औषधांच्या होलसेल दुकानावर जिना चढून गेलं की मॅडमचा कॉम्प्युटर क्लास लागतो. जागा शेठची, कॉम्प्युटर शेठचे, शिकवणं मॅडमचं. त्या शिकवताना शुद्ध मराठी बोलतात. चिडल्या की थेट रावेरला पोचतात, आणि ‘डोळे’चे ‘डोये’ होतात. मी मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करत असताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, आता क्लास सुटला आपला. त्या म्हणाल्या, “डोये म्हणताना जीभ टाळूला लावू नको. पुन्हा म्हण.”

त्या शिकवतात पास्कल. कॉम्प्युटरची ही कडक भाषा आहे. प्रत्येक डब्यात काय राहणार, आकडा की अक्षरं, हे आधीच लिहून द्यावं लागतं. आकड्याच्या डब्यात अक्षर कोंबलं की कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं तपासून मशीनच्या भाषेत करून देणारा, तिथल्या तिथे बोट दाखवून अडवतो. मी ‘डबा’ म्हणतो कारण मॅडम डबाच म्हणतात, आणि पहिल्या दिवशी खरोखरचे डबेच घेऊन आल्या होत्या.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. “आत काय आहे?”

“बिस्किटं!” आम्ही सगळे.

“हिलाल, काढ एक.”

हिलाल आमच्यातला सर्वांत हुशार, धुळ्याचा. प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा. त्यानं झाकण उचकटून आत हात घातला आणि “आई गं” करून बाहेर काढला. आत सुया, बटणं आणि कात्री.

“तुझ्या घरी बिस्किटाच्या डब्यात बिस्किटं असतात का रे?” मॅडम म्हणाल्या. “कोणाच्या घरी असतात? तरी हात घातलास. डोये कुठे होते?”

मग दुसरा डबा. त्या माझ्याकडे वळल्या. “तू काढ मूठभर.” मी शहाणपणानं आधी आत बघितलं. डबा स्वच्छ रिकामा. मी म्हटलं, “मॅडम, वाढलं.”

त्यांचा तो चेहरा मला अजून जमत नाही.

आमच्याकडे घरात काही संपत नाही, वाढतं. कुंकू वाढतं, पीठ वाढतं, बांगडी पिचली तरी वाढते. घरातल्या लक्ष्मीला ‘नाही’ ऐकू जाऊ नये म्हणून. मला तर लहानपणी वाटायचं की पीठ वाढलं म्हणून आई मला गिरणीत पाठवते.

“वाढलं?” मॅडम म्हणाल्या. “छान. मग काढ मूठभर.”

“मॅडम, म्हणजे…”

“म्हणजे काय? बोल.”

“नाही.”

“झडली का जीभ? घरात आईला वाढलं म्हण, मीपण म्हणते. पण या मशीनला लक्ष्मी नाही, शेजारीण नाही, समजून घेणारं कोणी नाही. इथे रिकाम्याला रिकामा म्हणायचं. पास्कलमध्ये त्याला निल म्हणतात. पॉइंटर म्हणजे डब्याकडे दाखवणारं बोट. बोटापुढे डबाच नसला तर ते बोट निल.”

मग त्यांनी खडूनं जमिनीवर एक रेघ मारली. “हा इफ, म्हणजे ‘जर’. हा उंबरा समजा. उंबऱ्याबाहेरून विचारायचं, बोट निल आहे का? निल असेल तर तिथूनच परत. नसेल तर ये आत. एकदा आत आलास की तुला पक्कं माहीत आहे, डबा आहे. आता बिनधास्त हात घाल. मग दुसरा उंबरा. डबा गोळ्यांचा की बाटल्यांचा? गोळ्यांच्या खोलीत गेलास की फक्त गोळ्या. तिथे बाटली मोजायची नाही. प्रत्येक उंबऱ्यागणिक तुझं माहीत असणं बारीक होत जातं. पण उंबऱ्याबाहेर उभं राहून जो हात लांबवतो, तो चोर तरी असतो नाहीतर मूर्ख.”

हिलालनं विचारलं, “पण मॅडम, कंपायलर अडवेलच की.”

झालं. मॅडम रावेरला पोचल्या.

“हाच तर माझा संताप आहे! आकड्याच्या जागी अक्षर आलं की हा कंपायलर कोणी मेल्यासारखा बोंबलतो. आणि रिकाम्या जागी हात घातला तर? गप्प! त्याले दिसतच नाही. अर्धा शहाणा आहे तो. बरं, मशीन बंद पडलं तरी एक वेळ बरं. पडतही नाही. मेमरीत जो कचरा असेल तो उचलतं आणि ‘हे घ्या’ म्हणतं. मरत नाही रे, खोटं बोलतं! कधीतरी कोणी असा कंपायलर करील, जो विचारल्याशिवाय डब्याला हातच लावू देणार नाही. तोवर तो अर्धा शहाणपणा आपण लिहायचा.”

आता खालच्या दुकानाकडे येऊ. भाईदासशेठ हा वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल. शेठच्या तोंडात सुपारी, कपाळाला गंध आणि ओठांवर दोनच शब्द. “बठ्ठं शे.” सगळं आहे. गिऱ्हाईक काहीही मागो, शेठ म्हणणार, “बठ्ठं शे, भाऊ, बठ्ठं शे.” आणि माल खरंच नसला तर सुपारी या गालातून त्या गालात जाते आणि शब्द येतात, “आज वाढेल शे. उद्या ई जाई.” म्हणजे उद्या येईल. ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नाही. नक्कल करणाऱ्याला असा माणूस म्हणजे दिवाळी.

या दुकानासाठी मॅडमनी पास्कलमध्ये प्रोग्राम लिहिला. औषधाचं नाव टाकायचं, मशीन शोधणार, सापडलं तर किती पेट्या ते दाखवणार. शेवटची पेटी विकली गेली की त्या औषधाचा डबाच मोडीत निघायचा. मग शोधणारं बोट निल घेऊन परत येणार, मशीन एकदा ‘बीप’ करणार आणि काळ्या पडद्यावर हिरव्या इंग्रजी अक्षरांत उमटणार, ‘नाही’. कीबोर्डवरची किल्ली दाबल्याशिवाय पुढे जाणार नाही. पडद्यावर सुरुवातीलाच मॅडमचं नाव यायचं, कुंदा वारके.

गुढीपाडव्याला उद्घाटन झालं. कॉम्प्युटरला हार, हळदकुंकू, नारळ वाढवून झाला. (बघा, नारळही वाढतोच.) बाजारपेठेतले मोठे व्यापारी जमलेले. शेठनी पाहुण्यांतल्या एका आजोबांना म्हटलं, “आबा, पहिलं नाव तुम्ही सांगा.” आबांनी त्यांच्या गुडघ्याच्या मलमाचं नाव सांगितलं. मॅडमनी टाकलं.

बीप. ‘नाही’.

आबांनी टोपी काढली आणि परत घातली. शेठचा चेहरा असा झाला, की जणू मशीन वरातीत शिंकलं.

पाहुणे गेल्यावर शेठ म्हणाले, “बाई, पाडव्याना दिन, लक्ष्मीसमोर, पहिला शब्द… तो?” ‘नाही’ म्हटलंही नाही त्यांनी. नुसतं ‘तो’. मी जिन्यावर उभा होतो. हे मी रोज करून दाखवतो.

“शेठ, मलम नव्हतं.”

“नव्हतं ते माले बी ठावं शे. पन असं बोलस का कोनी? ‘वाढले’ टाका.”

“नाही.”

“बीप बी काढा.”

“नाही.”

“शून्य बी दखाडू नका. डबा पुरा रिता करतस का आपन? तळले चार दाना ठेवतसच ना? एक दखाडा. शगुनाना एक.”

“शेठ,” मॅडम म्हणाल्या, आणि आवाज इतका खाली गेला की मला दोन पायऱ्या उतराव्या लागल्या, “तुमच्या घरात तळाचे चार दाणे खरे असतात. हा एक खोटा आहे. हे मी करणार नाही.”

त्यांनी नाही केलं. हिलालनं केलं. मॅडम सुट्टीत खरोखरच्या रावेरला, घरी गेल्या होत्या, तेवढ्यात शेठनी त्याला खाली बोलावलं आणि पाठीवर हात ठेवला. हिलालला पाठीवर हात ठेवलेला सोसत नाही. लगेच काहीतरी करून दाखवतो. आणि त्यानं काय केलं, तर नुसता शब्द बदलला नाही. शोधणारं बोट रिकामं परतच येऊ नये म्हणून त्यानं तिथे एक खोटा डबा बसवून दिला. नाव ‘वाढले’, पेट्या एक. काही सापडलं नाही की बोट या डब्याकडे. मॅडमचा इफ जिथल्या तिथे होता. त्याला कोणी हातही लावला नाही. पण निल येणारच बंद झालं, आणि बिचारा इफ रोज विचारत राहिला, “निल आहे का?” आणि रोज उत्तर मिळत राहिलं, “छे, डबा आहे की.” दारात पहारेकरी उभा आणि चोराला घरातच पाळणा बांधलेला.

पावसाळ्यापर्यंत कोणाला पत्ता लागला नाही. कारण गिऱ्हाईक समोर असायचं. दुकानातला पंडित फळीपर्यंत जायचा, फळी रिकामी असली तर परत येऊन “उद्या ई जाई” म्हणायचा. तपासणी मशीनच्या ऐवजी पंडितचे पाय करत होते.

श्रावणात एका दुपारी फोन आला. रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एक छोटा दवाखाना आहे, तिथले डॉक्टर बोलत होते. मोगराबाई नावाची बाई कापसाची निंदणी करत होती, पायाला घोणस चावली. दवाखान्यातलं सापाचं इंजेक्शन आदल्याच पेशंटला लागलं. भुसावळला विचारावं की जळगावला? भुसावळ जवळ. पण डॉक्टर म्हणाले ते पंडितनं नंतर सगळ्यांना सांगितलं, “तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे म्हणून आधी तुम्हाला विचारतो. खात्रीचं सांगाल.”

खात्रीचं! या शब्दावर मला अजूनही काहीतरी फोडावंसं वाटतं.

पंडितनं नाव टाकलं. पडद्यावर आलं, ‘वाढले’, आणि शेजारी ‘एक’. आता पंडितला वाढले म्हणजे काय ते कळत नव्हतं का? कळत होतं, तो काय विलायतेहून आला होता? पण शेजारी एक होता ना. त्याला वाटलं, वाढत आलंय, शेवटची पेटी राहिलीय. तो फोनमध्ये म्हणाला, “वाढत आलं शे, डॉक्टरसाहेब, पन एक पेटी शे. धाडा गाडी.”

फोन ठेवला आणि त्याच वेळी वारके मॅडम जिना उतरून आल्या, कारण त्यांना कुठेतरी फोन करायचा होता आणि अख्ख्या इमारतीत फोन तो एकच. मी त्यांच्या मागे, फाइल धरून.

“कशाची पेटी?”

“सापाच्या इंजेक्शननी. एक शे.”

“कोणी पाहिली?”

“मशीननी.”

“मशीनले डोये हायेत का?”

पंडित हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या मागे गेल्या, औषधांचा फ्रीज उघडला. आत इन्सुलिन, उद्घाटनाच्या नारळाची एक कवड आणि शेठच्या लस्सीचा पेला. पेटीची जागा रिकामी. आपण वाढलं म्हणतो तसली रिकामी.

त्या परत आल्या आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या. काहीतरी टाइप केलं. मी खांद्यावरून बघितलं. त्यांनी औषधाच्या जागी लिहिलं होतं, ‘हत्ती’.

पडदा म्हणाला, ‘वाढले’. एक.

भाईदासशेठच्या गोदामात एक हत्ती शिल्लक होता.

त्या क्षणी मॅडमना सगळं कळलं. ओरडणं त्यांनी नंतरवर ठेवलं. आधी फोन उचलला. डॉक्टरांना लावला. गाडी निघाली होती. चुडामणची निळी जीप, थेट जळगावला. इकडे येऊन रिकाम्या हातानं परत जाणार, आणि तिकडे मोगराबाईचा पाय वर वर सुजत जाणार. जिवाचा प्रश्न होता, आणि आमच्या पडद्यावर हत्ती.

मॅडमनी भुसावळच्या एका औषधवाल्याला लावलं. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. “हां हां, आहे ना, सापाचं आहे.”

“पाहून सांगता की आठवून सांगता?”

“अहो ताई, असणारच…”

“‘असणार’ मला नको. जा, उघडा, हात लावा, मग बोला. मी लाइन धरते.”

पलीकडे चपला वाजत गेल्या. पंडित खिळल्यासारखा उभा. चपला परत आल्या. “दोन पेट्या आहेत.”

“हात लावला?”

“लावला, ताई. गार आहेत.”

“एक बाजूला काढा. दुसऱ्या कोणी मागितली तर काय म्हणाल?”

“…नाही म्हणेन.”

“शाबास,” मॅडम म्हणाल्या. तो शब्द त्यांच्या तोंडून हिलाललासुद्धा कधी मिळाला नव्हता.

आता जीप. तिला वाटेत अडवायचं तर सावद्याला. तिथे स्टँडसमोर लताबाईंचं फोनचं बूथ आहे. मॅडमच्या घरच्या ओळखीच्या. मॅडम म्हणाल्या, “लताक्का, निळी जीप. चुडामण चालवतोय. त्याले सांग, भुसावळच्या पुढे जाऊ नको, पेटी तिथेच काढून ठेवलीय.” आणि औषधवाल्याचं दुकान सांगितलं. लताबाई हातात होता तो झाडू घेऊन रस्त्यात उभ्या राहिल्या. पहिली निळी जीप अडवली. “चुडामण का तू?” नव्हता. दुसरी अडवली. तोही नव्हता, आणि वर तो भांडला. निळं असणं पुरत नाही, हे लताबाईंना पास्कल न शिकता माहीत होतं. तिसऱ्या जीपमध्ये चुडामण सापडला. तो भुसावळहून पेटी घेऊन मागे फिरला.

मोगराबाई वाचली. पायावर काळा डाग राहिला. पुढच्या हंगामात ती निंदणीला परत गेली, असं डॉक्टरांनी कळवलं. जळगावपर्यंतची खेप पडली असती तर काय झालं असतं, हे मॅडमनी त्यांना विचारलं होतं. “ते नका विचारू,” डॉक्टर म्हणाले.

यानंतर तरी गावानं काय म्हणावं? “वारके बाईचा कॉम्प्युटर चुकला.” पडद्यावर नाव त्यांचंच होतं ना! मंदाबाई तर म्हणाल्या, “मांडवात चुकली ती सगळीकडे चुकणारच.” मी त्या दिवशी त्यांच्या घरचा चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी घेतला, पण मनापासून नाही.

हिलाल मॅडमसमोर उभा राहिला. “मॅडम, तुमचा इफ मी काढला नव्हता.”

“तू इफ काढला असतास तर बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. “मोडकं दार दिसतं तरी. तू दार ठेवलंस आणि त्याले खोटं सांगितलंस.”

आणि शेठ? मॅडम त्यांच्यासमोर जाऊन म्हणाल्या, “शेठ, एकतर माझं नाव काढा, नाहीतर माझं ‘नाही’ परत ठेवा.”

शेठ खरंच हादरलेले होते. देवाला पेढे ठेवून आले होते. पण शब्दाचा प्रश्न आला की सुपारी फिरायला लागली. “बाई, ती बाई वाचनी ना? मंग शुभच झायं. पुढे देखूत.”

“शेठ!”

“देखूत म्हंतस ना.”

आम्ही मॅडमना म्हणालो, तुम्हाला प्रोग्राम पाठ आहे, दुकानाची किल्ली आहे, संध्याकाळी बसून बदलून टाका. त्या आमच्यावरच उखडल्या. “शेठच्या पाठीमागे? मग माझ्यात आणि हिलालमध्ये फरक काय? दुकान त्यांचं आहे. त्यांनी तोंडानं सांगितलं पाहिजे.” तोवर त्यांनी पंडितला शपथ घातली की फोनवर उत्तर द्यायच्या आधी फ्रीज उघडायचा. पंडितनं ती शपथ आठवडाभर पाळली.

पैज लागली ती दिवाळीच्या तोंडावर. क्लासमध्ये मी शेठचा आवाज काढत होतो. मॅडम म्हणाल्या, “आवाज म्हणजे डब्यावरचं लेबल. त्याला फसेल तो आंधळा.”

मी म्हटलं, “तुम्ही फसाल.”

“लाव पैज.”

मी मॅडमना म्हटलं आणि ठरलं ते असं. दिवाळीच्या आत मी कधीही, तुमच्या ओळखीच्या कोणाच्याही आवाजात तुम्हाला फोन करणार. फसलात तर तुम्ही एक दिवस क्लासमध्ये निलला ‘वाढलं’ म्हणायचं. ओळखलंत तर मी रोज सकाळी दुकान उघडल्यावर फ्रीज उघडायचा, आणि काय आहे, काय नाही, ते खणखणीत आवाजात सांगायचं. पंडितच्या शपथेवर मॅडमचा भरवसा उरला नव्हता.

मी कोण होणार हे उघड होतं. आणि माझ्या डोक्यात पैजेपेक्षा मोठं काहीतरी शिजत होतं. शेठनी परवानगी दिली असं मॅडमना वाटलं, तर त्या बसून बदल करून टाकतील, आणि प्रश्नच मिटेल. शेठ बाजारात गेलेत असं बघून मी समोरच्या बूथवर गेलो, गालात खरी सुपारी ठेवली आणि दुकानाचा नंबर फिरवला. पंडितनं मॅडमना खाली बोलावलं.

“बाई,” मी म्हटलं, “भाईदास बोली ऱ्हायनू.”

“बोला शेठ.”

“ते तुमनं… मशीनमधलं… ते बसवी द्या परत. मनी परवानगी शे.”

काय आवाज लागला होता म्हणून सांगू! ‘ते’ वर सुपारी बरोबर डाव्या गालातून उजवीकडे गेली. आणि मुद्दाम तो शब्द उच्चारला नाही. एवढं बारीक काम मी जन्मात केलं नव्हतं.

मॅडम पलीकडून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “बरं झालं, शेठ. लगेच बसते. पण इथली लाइट गेलीय. दुकानात मेणबत्ती आहे का हो?”

मी म्हटलं, “मेणबत्ती? नाही, मेणबत्ती तर…”

आणि मला माझाच शब्द ऐकू आला. माझ्या जिभेवरून घरंगळून तो तारेतून पलीकडे गेलासुद्धा होता.

“सुपारी थुंक आणि ये,” मॅडम म्हणाल्या. “फ्रीज उघडायचाय.”

लाइट गेलेली नव्हती. मी तसाच रस्ता ओलांडून गेलो, तर दुकानात पंखा फिरत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी लागलो कामाला. पण हरलेल्यानं कुठल्या आवाजात ओरडायचं हे पैजेत ठरलं नव्हतं. शेठ उदबत्ती घेऊन लक्ष्मीसमोर उभे राहिले की मी मागे फ्रीज उघडायचो आणि वारके मॅडमच्या आवाजात, जीभ टाळूला न लावता, घोषणा करायचो, “सापाची पेटी आहे! धनुर्वाताचं नाही! कुत्र्याचं नाही! नारळ आहे, कुजलेला!” शेठ उदबत्ती जोरजोरात ओवाळायचे. गिऱ्हाइकं हसायची. लक्ष्मी काही कुठे गेली नाही.

शेवटी एक दिवस शेठ आरती अर्धी टाकून वळले. “अरे, याना तोंडले कोनी झाकन लावा! बाईले सांग, टाक म्हनावं ते ‘नाही’ मशीनमा! मशीन एकदाच बीप करस, हाई पोऱ्या रोज करस!”

पंडितनं ऐकलं. मी ऐकलं. शेठनी स्वतःही ऐकलं असावं, कारण त्यांची सुपारी जागच्या जागी थांबली. मी एका दमात जिना चढून गेलो. “मॅडम! शेठ म्हणाले! ‘नाही’ टाका म्हणाले, स्वतःच्या तोंडानं, त्या शब्दासकट!”

मॅडमनी खडू खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“शेठ म्हणाले,” त्यांनी विचारलं, “की तू शेठ होऊन म्हणालास?”

आणि मी काही बोलायच्या आत, पदर खोचून, त्या स्वतः खाली बघायला गेल्या.